सेझिनकोट : इंग्रजी टेकड्यांतील एक मोगल घुमट

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगालमधून संपत्ती घेऊन मायदेशी परतणाऱ्या इंग्रजांना त्यांच्याच देशबांधवांनी 'नबॉब' हे नाव ठेवले होते. 'नबाब' या शब्दाचेच ते बिघडलेले रूप. पण त्यात आदर नव्हता, हेवा होता आणि तुच्छताही होती. सॅम्युएल फूट याचे याच नावाचे प्रहसन १७७२ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आले. असा माणूस परतला की तो प्रथम जमीन खरेदी करी, कारण जमिनीवाचून प्रतिष्ठा नव्हती. तीवर ग्रीक धाटणीच्या स्तंभांची हवेली बांधी, आणि आपला पैसा कलकत्त्याहून आला ही गोष्ट त्या स्तंभांआड झाकून टाकी.

ग्लॉस्टरशर परगण्यातील सेझिनकोट ही हवेली या रीतीला ठळक अपवाद आहे. कॉट्सवोल्ड टेकड्यांतील ही जमीन १७९५ मध्ये कर्नल जॉन कॉकरेल याने बंगालहून परतल्यावर घेतली. १७९८ मध्ये तो वारला आणि पुढे ती त्याचा भाऊ चार्ल्स याच्या हाती आली. चार्ल्स हा कंपनीचा चाकर. पण त्याची खरी कमाई कलकत्त्यातील एका अडतपेढीतली होती. कंपनीचे अधिकारी आपला पैसा अशा पेढ्यांत व्याजाने ठेवीत. पेढ्या तो व्यापारात गुंतवीत आणि जमलेली रक्कम हुंड्यांच्या मार्गाने इंग्लंडला पोचती करीत. बंगालची संपत्ती विलायतेच्या शेतजमिनीत व दगडचुन्यात रूपांतरित होण्याची वाट अशा पेढ्यांमधून जात होती, हे सेझिनकोट पाहताना विसरता येत नाही.

१८०५ च्या सुमारास चार्ल्सने हवेलीचे काम तिसऱ्या भावाकडे सोपवले. हा सॅम्युएल पेपिस कॉकरेल वास्तुविशारद होता आणि पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा सर्वेक्षकही झाला. जवळच्याच डेल्सफर्ड येथे वॉरन हेस्टिंग्जची हवेली त्यानेच घडवली होती. तिच्यावर हिंदुस्थानी छटेचा एक बुजरा घुमट आहे. चार्ल्सचा भागीदार विल्यम पॅक्स्टन याच्यासाठी वेल्समध्ये त्याने मिडल्टन हॉल बांधला, तो मात्र निखळ अभिजात शैलीत. तिन्ही घरधनी बंगालमधून परतलेले, वास्तुविशारद एकच. पण पैशाचा उगम दर्शनी भागावर उघडपणे मिरवला तो फक्त सेझिनकोटने.

पिवळसर तांबूस दगडाच्या भिंती, त्यांवर तांब्याने मढवलेला आणि काळाने हिरवा पडलेला कांद्याच्या आकाराचा घुमट, कोपऱ्यांवर लहान छत्र्या, भक्कम घोड्यांवर तोललेले रुंद छज्जे, महिरपी कमानींच्या खिडक्या, आणि एका बाजूने वक्राकार पसरत जाऊन अष्टकोनी मंडपात संपणारे काचगृह, असे या वास्तूचे बाह्यरूप आहे. आपल्याकडे छज्जा उन्हाची तिरीप अडवतो. इथे तो उन्हाची वाण असलेल्या मुलुखात शोभेपुरता उरला आहे. आपल्याकडे असा घुमट बहुधा मशिदीवर किंवा मकबऱ्यावर दिसतो. इथे त्याच्याखाली माणसे जेवतात आणि झोपतात.

याचे कारण उघड आहे. सॅम्युएल कॉकरेलने हिंदुस्थान कधीच पाहिला नव्हता. त्याने पाहिली होती ती चित्रे. टॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे १७८६ मध्ये कलकत्त्यास पोचले आणि पुढली काही वर्षे देशभर हिंडून त्यांनी दिल्लीपासून मदुरेपर्यंतच्या वास्तू रेखाटल्या. परतल्यावर १७९५ ते १८०८ या काळात 'ओरिएंटल सीनरी' या मालिकेत त्यांची १४४ चित्रे प्रसिद्ध झाली. चित्रांत वास्तूचा आकार येतो, तिचे प्रयोजन येत नाही. सेझिनकोट ही चित्रांवरून उभारलेली वास्तू आहे; तिचे सौंदर्य आणि तिचा पोकळपणा या दोहोंचे मूळ एकच आहे.

उद्यानाच्या रचनेत टॉमस डॅनियल स्वतः होता, आणि तिथे काम अधिक जाणतेपणाने झाले. ओढ्याच्या उगमाशी सूर्याची मूर्ती असलेले छोटे देवालय आहे. खाली पाण्यात तीन फण्यांचा सर्प आहे. हवेलीकडे येणारा रस्ता ज्या पुलावरून जातो त्याच्या कठड्यांवर नंदी बसले आहेत. ते कोठे असावेत याविषयी लिहिताना डॅनियलने थेट विश्वकर्म्याची साक्ष काढली होती. आणि त्या पुलाखालचे स्तंभ घारापुरीच्या लेण्यावरून घेतलेले आहेत, जिथे डॅनियल काकापुतणे १७९३ मध्ये जाऊन आले होते. घारापुरीचा स्तंभ कोणी दगडावर दगड रचून उभा केलेला नाही. डोंगर आतून पोखरताना तो जागीच शिल्लक ठेवलेला आहे, आणि पाहणाऱ्याला वाटते की सारा डोंगर त्यानेच तोलून धरला आहे. सेझिनकोटचा स्तंभ एक गाडीरस्ता तोलतो. तरीही त्या ओलसर सावलीत, पाण्यातल्या पायदगडांवर उभे राहिल्यास लेण्याच्या गारव्याची अंधुक आठवण व्हावी, एवढे डॅनियलला साधले आहे.

हवेलीच्या दारातून आत पाऊल टाकले की हिंदुस्थान संपतो. समोर दुभंगून वर चढणारा भव्य जिना, अभिजात शैलीतली दालने. हे सारे त्या काळच्या कोणत्याही श्रीमंत इंग्रजाच्या घरी दिसावे असे. वेष परका, घर आपले, अशी ही विभागणी आहे. चार्ल्स १८०९ मध्ये बॅरोनेट झाला, पार्लमेंटात बसला आणि १८३७ मध्ये वारला. या घरात तो इंग्रज जमीनदार म्हणूनच राहिला.

उद्यानरचनाकार हंफ्री रेप्टन याचाही इथे सल्ला घेतला गेला होता. पुढे ब्रायटन येथील राजप्रासादासाठी त्याने हिंदुस्थानी शैलीचे आराखडे केले. पण तो प्रासाद १८१५ पासून जॉन नॅशने आपल्या पद्धतीने उभारला, आणि कीर्ती त्याच्या वाट्याला गेली. इंग्लंडात ही शैली मात्र रुजली नाही.

१८८४ मध्ये कॉकरेलांकडून ही हवेली दुसऱ्या घराण्याकडे गेली. १९४४ मध्ये ती क्लाइनवॉर्ट कुटुंबाने घेतली आणि तिची जपणुकीने दुरुस्ती केली. १९६० च्या दशकात त्याच कुटुंबातील गृहिणी भारत पाहून परतल्या आणि त्यांनी दक्षिण बाजूस पाण्याच्या पाटांनी विभागलेली चारबाग आखली. मोगल घुमटासमोर मोगल बाग आली, ती घुमटानंतर दीडशे वर्षांनी.