काडतुसाकडून बंदुकीकडे

पायदळाच्या बंदुकीचा अभ्यास कुठून सुरू करावा, असं कुणी विचारलं की मी वर्धा जिल्ह्यातलं पुलगाव सांगतो. तिथे लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, देशातलं सर्वांत मोठं. आत जाता येत नाही, पाहण्यासारखी एकही बंदूक तिथे मांडलेली नाही. तरीही सुरुवात तिथूनच करावी, कारण बंदुकीचा इतिहास मुळात काडतुसाचा इतिहास आहे. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांचं मनापासून स्वागत करताना ही एकच गोष्ट मला त्यांच्या हाती द्यायची आहे.

आपली भाषा इथे चांगली सोबत करते. तोड्याची बंदूक, चकमकीची बंदूक, ठासणीची बंदूक: ती पेटवायची कशी आणि भरायची कशी, हे नावातच सांगितलेलं आहे. पानिपतावर इब्राहिमखानाचे गारदी रांगा धरून लढले ते अशाच बंदुकांनी. त्यांच्या नळ्या आतून गुळगुळीत असत. गोळी नळीपेक्षा किंचित लहान, त्यामुळे ती झटकन आत उतरे. पण सुटताना नळीत इकडेतिकडे आपटत जाई आणि शंभरेक पावलांपुढे नेम उरत नसे. म्हणून माणसं खांद्याला खांदा लावून उभी करायची आणि एकदम बार काढायचा. पायदळाची कवायत गोळीच्या या दुबळेपणातून जन्मली.

नळीला आतून फिरते आटे पाडले की गोळी गिरकी घेत सरळ जाते, हे युरोपातल्या शिकाऱ्यांना फार आधीपासून ठाऊक होतं. अडचण भरण्याची होती. आट्यांत घट्ट बसणारी गोळी ठोकून ठोकून खाली न्यावी लागे, आणि लढाईत तेवढा वेळ कोण देणार? १८४९ मध्ये मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने तोड काढली: बुडाशी पोकळ, लांबट शिशाची गोळी. ती सैल उतरते आणि बार होताच फुगून आट्यांत बसते. याच तत्त्वावरची एनफिल्ड रायफल हिंदुस्थानात आली. तिचं कागदी काडतूस सरकावं म्हणून त्याला वंगण लावलेलं असे, आणि ते दातांनी फाडावं लागे. १८५७ च्या चरबीच्या काडतुसांची गोष्ट आपण शाळेत शिकतो. त्या चरबीची गरज नळीतल्या आट्यांपासून सुरू झाली होती, हे मात्र शाळेत कुणी सांगत नाही.

पुढे धातूचं काडतूस आलं, धूर न करणारी दारू आली आणि एका मॅगझिनमध्ये दहा गोळ्या मावणारी थ्री-नॉट-थ्री आली. तयारीचा शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार काढू लागला, आणि त्याच्या पाठीमागे कारखाने, आगगाड्या, कोठारं उभी करावी लागली. पण ऐन वेळी हातातल्या बंदुकीतलं काडतूसच संपलं की काय होतं? १० जुलै १९४४ रोजी इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे एकटेच शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले. मॅगझिन संपलं, बदलायला वेळ नव्हता. त्यांनी टॉमी गन उलटी धरून दोघांना लोळवलं आणि नंतर शत्रूच्या गोळ्यांनी ते पडले. काडतूस संपलं की बंदुकीचं पुन्हा दांडकं होतं. पुढे भारतीय लष्कराच्या इन्सास रायफलसाठी ७.६२ मिलिमीटरची गोळी सोडून ५.५६ मिलिमीटरची निवडली गेली, त्यामागे वजनाचाही हिशेब होता: नवं काडतूस जुन्याच्या निम्म्या वजनाचं, म्हणजे तेवढ्याच ओझ्यात दुप्पट बार.

वर्धा जिल्ह्यातून हा विषय शिकणाऱ्याला आणखी एक भान मिळतं. याच जिल्ह्यात, पवनारला, १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी युद्धाविरुद्ध बोलून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. आष्टीला १६ ऑगस्ट १९४२ रोजी पोलिसांच्या गोळीबारात गावकरी पडले, जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. पुलगावच्या भांडारात ३१ मे २०१६ च्या पहाटे आग लागली आणि ती विझवायला धावलेले अधिकारी, जवान, अग्निशमन दलातली माणसं गेली. २०१८ मध्ये सोनेगाव आबाजीजवळ जुना दारूगोळा नष्ट करायला नेला असताना स्फोट झाला आणि त्यात सहा जणांचा जीव गेला. शस्त्रांच्या तक्त्यात ही माणसं येत नाहीत. आपल्या अभ्यासात ती आली पाहिजेत.

वाचन सुरू करण्याआधी एकदा नागपूरला सीताबर्डीच्या किल्ल्यावर जा. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला तो लोकांसाठी उघडतो. नोव्हेंबर १८१७ मध्ये तिथल्या लहान आणि मोठ्या अशा दोन टेकड्यांवर भोसल्यांचं आणि इंग्रजांचं सैन्य भिडलं. लहान टेकडी भोसल्यांच्या अरब शिपायांनी घेतली आणि तिथून मोठ्या टेकडीवर मारा चालवला. तेवढ्यात त्यांच्याच दारूच्या गाड्याचा स्फोट झाला, गोंधळ उडाला, आणि इंग्रजांच्या पलटणीने संगिनी रोखून टेकडी परत घेतली. मोठ्या टेकडीवर उभं राहून लहान टेकडीचं अंतर डोळ्यांनी मापा, आणि गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी तिथवर नेमकी पोचली असती का, ते स्वतःच ठरवा.