पान, बोरू आणि रुमाल : हस्तलिखित ग्रंथांच्या घडणीविषयी

विद्यालयाच्या हीरक महोत्सवी ग्रंथासाठी इतिहासविषयक काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे प्रथम मुलांच्या पाठीवरची दप्तरे आली. 'दप्तर' हा शब्द फारसीतून आला. आमचे शेजारी उर्दूभाषक गृहस्थ रोज सकाळी 'दफ्तर'ला जात आणि त्याच वेळी आम्ही दप्तर घेऊन शाळेला निघत असू. एकच शब्द त्यांना कचेरीत नेई आणि आम्हांला वर्गात. मराठीने तो शब्द आधी सरकारी कागदपत्रांच्या संग्रहाला लावला, पुढे कापडात बांधलेल्या गाठोड्याला आणि शेवटी मुलांच्या पिशवीला. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागदांच्या गाठोड्यांना आजही 'रुमाल' म्हणतात. या रुमालाच्या आत जे असे, ते सारे झाडाझुडपांतून आलेले असे. त्याची ही हकीकत.

हैदराबाद हे शहर या बाबतीत मोठे भाग्यवान आहे. दोन ग्रंथपरंपरांच्या सीमेवर ते वसले आहे. पूर्वेकडे तेलुगू प्रदेशातील ताडपत्र, पश्चिमेकडे मराठवाड्यातील हातकागद. एक परंपरा पानावर कोरणारी, दुसरी कागदावर शाईने लिहिणारी.

ताडपत्राला लागणारे ताड दोन. एक आपला नेहमीचा ताड. त्याचे पान अरुंद आणि जाड. दुसरा श्रीताल, त्याचे पान रुंद, पातळ आणि लवचिक. हा श्रीताल आयुष्यात एकदाच फुलतो आणि फळे पिकली की मरतो. कोवळेपण सरलेले, पण जून न झालेले पान निवडून, मधली शीर काढून त्याच्या पट्ट्या करीत. त्या पाण्यात उकळीत, काही ठिकाणी त्या पाण्यात हळद घालीत, मग सावलीत वाळवून दगडाने किंवा शंखाने घासून गुळगुळीत करीत. तेलुगू लेखक पट्टी डाव्या हातात धरून 'गंटम' नावाच्या लोखंडी लेखणीने अक्षरे कोरी. कोरलेले अक्षर जवळजवळ अदृश्य असते. वरून काजळी आणि तेल चोळून पुसून घेतले, की काळी काजळी खाचांत बसते आणि मजकूर एकदम उमटतो. ज्याने हे प्रत्यक्ष पाहिले आहे, त्याला ते विसरता येणार नाही. शेवटी पट्ट्यांना भोके पाडून त्यांतून दोरी ओवायची आणि वर-खाली लाकडी फळ्या बांधायच्या.

तेलुगू अक्षर गोल का, याचे उत्तर आम्हांला शाळेत सांगितले जाई ते असे : पानाच्या शिरा आडव्या धावतात, आडवी रेघ कोरली तर पान चिरते, म्हणून रेघा वळल्या. उत्तर सुटसुटीत आहे, पण मला ते पुरेसे वाटत नाही. कर्नाटकात नंदिनागरी लिपी डोक्यावरच्या रेघेसह ताडपत्रांवर लिहिली गेली आणि ती ताडपत्रे टिकलीही. साहित्याने लिपीला वळण लावले असेल. पण सगळे श्रेय झाडाला देऊ नये, काही लिहिणाऱ्याच्या हाताकडेही ठेवावे.

कागदाची वाट दौलताबादेवरून येते. दौलताबाद आणि खुलदाबाद यांच्या दरम्यान कागजीपुरा हे गाव आहे. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून येथे आणली, तिच्याबरोबर कागद करणारे कारागीर आले, अशी तेथील परंपरा सांगते. १९५६ पर्यंत हे गाव हैदराबाद राज्यातच होते, तेव्हा त्याच्यावर आपलाही थोडा हक्क आहे. आपल्या तेलंगणातील कोरटला हे गावही हातकागदासाठी नावाजलेले होते. या कागदाचा कच्चा माल म्हणजे टाकून दिलेल्या वस्तू : जुने दोरखंड, तागाची पोती, चिंध्या. त्यांचे तुकडे चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, पायाने चालणाऱ्या जड लाकडी हातोड्याखाली कुटायचे, धुवायचे आणि पुन्हा कुटायचे. तयार लगदा पाण्याच्या हौदात कालवून, गवताच्या काड्यांची जाळी त्यात बुडवून अलगद वर उचलायची. पाणी गळून जाते आणि जाळीवर तंतूंचा पातळ थर राहतो. तो थर म्हणजेच कागद. तो भिंतीवर वाळवीत, खळ लावीत आणि गुळगुळीत दगडाने घोटीत. न घोटलेल्या कागदावर शाई फुटते. उजेडात धरला, तर जुन्या कागदात त्या काड्यांच्या रेघा अजून दिसतात.

याच देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री. मोडी लिपी त्याने आणली, असे परंपरेने सांगतात. विद्वानांना हे सरसकट मान्य नाही. मात्र मोडी आणि कागद यांची जोडी खरी. आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिला लटकवीत, हात शक्यतो न उचलता, अक्षरे पळवायची, हे ताडपत्रावर लोखंडी लेखणीने साधणारे काम नव्हे. त्याला घोटीव कागद आणि बोरूच हवा.

बोरू म्हणजे पोकळ देठाची वनस्पती. टोक तिरपे छाटायचे, मध्ये चीर द्यायची, आणि अक्षराची जाडी त्या छाटावर ठरायची. दिव्याची काजळी बाभळीच्या डिंकात खलून केलेली शाई शतकानुशतके काळी राहते, पण पाण्याने फिसकटते. हिरडा आणि हिराकस यांची शाई पाण्याला दाद देत नाही. मात्र कालांतराने कागदच खाते. चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देऊन त्यावर पुन्हा लिहीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तेथून आला. हरताळ हे खनिज आणि विषारी, त्यामुळे कसरही त्याच्या वाटेला जात नसे.

एवढे करूनही ग्रंथ अमर होत नसे. पोथी बांधताना कोणी वेखंडाचे तुकडे ठेवी, कोणी कडुनिंबाचा पाला. पावसाळ्यानंतर ऊन दाखवीत. पोथीच्या शेवटी लेखक वाचकाला विनवीत असे, की तिला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपा, अडाण्याच्या हाती देऊ नका. पान जीर्ण झाले, की कोणीतरी नवी प्रत उतरून काढी. जुने ग्रंथ आपल्यापर्यंत आले, ते मुख्यतः या नकलांमुळे. प्रत करणारा थांबला, की झाडाच्या टिकाऊपणाला मर्यादा होती.

छापखाना आणि गिरणीचा कागद आल्यावर कागजी मागे पडले, ते सर्वविदित आहे. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि हातकागदाला पुन्हा आधार मिळाला. संविधानाची हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी हाताने लिहिली, ती पुण्यात तयार झालेल्या हातकागदावर, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आता एक कबुली. आमच्या घरी पणजोबांनी उतरलेली शेहेचाळीस पानांची एक मोडी पोथी आहे. तीस वर्षांपूर्वी तिच्या कडा तुटू लागल्या, तेव्हा मी मोठ्या काळजीने त्यांवर पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि सगळी पोथी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली. मुलांना इतिहास शिकविणाऱ्या माणसाने हे केले. पट्टीचा गोंद पिवळा पडून कागदात उतरला, पिशवीत दमट हवा कोंडली, आणि हिराकशीच्या शाईने अकरा पानांवर अक्षरांच्या जागी भोके पाडली. एका जाणत्या संरक्षकाने पट्ट्या सोडवून, तुतीच्या सालीच्या तंतूंचा जपानी कागद आणि गव्हाची खळ वापरून ती पाने सांधली. गेलेली अक्षरे मात्र गेली. त्याने मला विचारले, "यात काय लिहिले आहे?" मला सांगता आले नाही. वडिलांना मोडी येत होती. मी कधी शिकलो नव्हतो.

निवृत्तीनंतर शिकलो. आता रोज सकाळी त्या पोथीची बाळबोध प्रत करीत असतो. बोरूने नव्हे, साध्या पेनने; पण कागद हातकागदच घेतला आहे. सत्तावीस पाने झाली. भोकांच्या जागा कोऱ्या सोडतो आहे.