पुणें मोठें कीं मुंबई?

पुणें मोठें कीं मुंबई मोठी, असा प्रश्न कोणीं विचारला तर विचारणाराच्या भोळेपणाबद्दल लोक हंसतील. परंतु ३० जून २०२१ रोजीं राज्यशासनानें तेवीस गांवें पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत घातलीं, आणि त्या एका दिवसांत क्षेत्रफळाच्या हिशेबानें पुणें मुंबईच्या पुढें गेलें. पुण्याची हद्द सुमारें ५१६ चौरस किलोमीटर झाली. बृहन्मुंबई महानगरपालिकेची सुमारें ४४०. या वाढीसाठीं कोठें एक वीट चढली नाहीं कीं एक माणूस नवा आला नाहीं. वाढली ती नकाशावरची रेघ.

ही रेघ काय करते तें पाहावयाचें असेल तर वारज्यास जावें. मुठेच्या डाव्या तीरावर, कर्वेनगर आणि शिवणें यांच्या मध्यें, खडकवासल्याच्या प्रबोधिनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें हें गांव. १९९१ च्या शिरगणतींत येथील माणसें पुण्याच्या हद्दीबाहेर मोजलीं गेलीं. १९९७ सालीं पुण्याभोंवतालचीं तीसाहून अधिक गांवें शहरांत ओढण्यांत आलीं, त्यांत वारजेंही होतें. करांची आणि जमिनींवरील आरक्षणांची धास्ती घेऊन पुष्कळ गांवांनीं विरोध केला. कांहीं पुढें वगळलीं गेलीं, वारजे मात्र आंत राहिलें. २००१ सालीं गणतीदार आला तेव्हां वारज्याचा माणूस पुणेकर झालेला होता. घर तेंच, अंगण तेंच. कोष्टकांतला रकाना तेवढा बदललेला. अर्थात् वारजे नुसतें कागदावरच शहर झालें असें नव्हे. मुंबई-बेंगळूरु महामार्ग गांवाला छेदून जातो, आणि त्याच्या दोन्ही अंगांस मजल्यांवर मजले चढले आहेत. तथापि वस्ती आधीं वाढते कीं हद्द, याचा निवाडा करणें सोपें नाहीं.

मुंबईनेंही हेंच केलें आहे, हें मुंबईकर विसरतात. मूळ शहर म्हणजे सात बेटें भर घालून जोडलेली अवघी सुमारें बावीस चौरस मैलांची भूमि. १९५० सालीं हद्द अंधेरी-घाटकोपरच्या बाजूस गेली, १९५७ सालीं दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोंचली. तेथें गाडी थांबली, कारण तिन्ही बाजूंस पाणी आणि चौथ्या बाजूस ठाणें. पुण्यास समुद्राचा असा अडसर नाहीं. डोंगर आहेत, पण डोंगराला वळसा घालतां येतो.

आतां माणसांकडे वळावें. १८६४ च्या गणतींत मुंबईंत ८,१६,५६२ माणसें भरलीं. अमेरिकेंतील यादवीमुळें येथील कापसास सोन्याचें मोल आलें होतें, त्या भरभराटीचे ते दिवस. युद्ध संपलें, भाव कोसळले, आणि १८७२ सालीं आंकडा ६,४४,४०५ वर आला. १८८१ मध्यें मुंबई ७,७३,१९६ आणि पुणें, लष्कर धरून, १,२९,७५१. म्हणजे एका पुणेकरामागें सहा मुंबईकर. नंतर प्लेग आला. १८९६ मध्यें तो मुंबईंत दिसला, पुढल्या वर्षीं पुण्यांत. २२ जून १८९७ च्या रात्रीं चाफेकर बंधूंनीं रँडवर गोळी झाडली तो हाच काळ. १८९१ ते १९०१ या दशकांत मुंबई ८,२१,७६४ वरून ७,७६,००६ वर उतरली, पुणें १,६१,३९० वरून १,५३,३२० वर. हीं सारींच माणसें मृत्यूनें नेलीं असें समजूं नये. गणतीच्या वेळीं हजारों कुटुंबें गांवीं पळालेलीं होतीं, आणि १९०६ सालीं मुंबईनें स्वतंत्र गणती केली तेव्हां ९,७७,८२२ माणसें मिळालीं. गणती ही एका रात्रीची छायाचित्रें असतात. त्या रात्रीं कोण घरीं होता, एवढेंच तीं सांगतात.

२०११ सालीं बृहन्मुंबई १ कोटि २४ लक्ष आणि पुणें ३१ लक्ष. सहास एक हें प्रमाण चारास एक झालें. त्या वेळच्या सुमारें २४४ चौरस किलोमीटरांच्या पुण्यांत एका चौरस किलोमीटरांत बारा-तेरा हजार माणसें राहत. मुंबईंत अठ्ठावीस हजार. पुणेकर गर्दीबद्दल कुरकुरतो, त्याला ही बेरीज दाखवावी!

परंतु खरी अडचण पुढें आहे. २०२१ ची शिरगणती ठरल्या वर्षीं झालीच नाहीं. म्हणजे ज्या वर्षीं पुण्याची हद्द मुंबईहून मोठी झाली, त्याच वर्षीं त्या हद्दीच्या आंत किती माणसें आहेत हें मोजावयाचें राहून गेलें. खडकवासला, पानशेत, वरसगांव आणि टेमघर या धरणांतून शहरास किती पाणी द्यावयाचें, याचा वाद दरवर्षीं माणसांच्या संख्येवरून होतो. पालिका एक संख्या सांगते, पाटबंधारे खातें दुसरी धरतें, आणि दौंड-इंदापूरचा शेतकरी कालव्याकडे डोळे लावून बसतो, कारण शहराचा प्रत्येक वाढीव घोट त्याच्या उसाच्या वाट्याचा असतो.

दरम्यान रेघ पुन्हां हलली आहे. २०१७ सालीं पुण्यांत आलेलीं फुरसुंगी आणि उरुळी देवाची हीं गांवें भारी करांची तक्रार करीत राहिलीं, आणि २०२४ मध्यें त्यांना हद्दीबाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यांत आली. तेथील माणसें एकदां पुणेकर झालीं आणि सात वर्षांनीं, घर न बदलतां, पुन्हां गांवकरी झालीं.