१८ आठवड्यांचं सेमिस्टर १६ आठवड्यांवर आणलं, तर नेमकं काय कमी होतं?

सेमिस्टर दोन आठवड्यांनी छोटं होणार असं कळलं, की पहिला अंदाज एकच येतो : अभ्यास कमी झाला! अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांनी १८ आठवड्यांचं सेमिस्टर १६ आठवड्यांवर आणलं आहे. तिथे शिकवण्याचा वेळ मात्र कमी झालेला नाही. निदान कागदावर तरी.

आधी कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, ते पाहू. बारावीनंतरचं दोन वर्षांचं शिक्षण देणारी ही सरकारी कॉलेजं. फी कमी आणि प्रवेशासाठी गुणांची चाळणी नाही. इथली दोन वर्षं पूर्ण करून विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाता येतं. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. नोकरी करून शिकणारे, लहान मुलं सांभाळून शिकणारे, पस्तिशीत पुन्हा वर्गात येऊन बसणारे असे विद्यार्थी इथे मोठ्या संख्येने असतात. वेळापत्रकातला बदल सगळ्यात आधी त्यांनाच जाणवतो.

मुळात १८ आठवडे आले कुठून? ही कॉलेजं शाळांच्या पोटातून जन्मली. १९०७च्या कायद्याने कॅलिफोर्नियातल्या हायस्कुलांना कॉलेजच्या पातळीचे वर्ग चालवायची परवानगी दिली आणि १९१०मध्ये फ्रेस्नोला त्यातलं पहिलं कॉलेज सुरू झालं. कॉलेजं पुढे शाळांपासून वेगळी झाली, पण शाळेसारखा वर्षाला १७५ दिवसांचा नियम राहिला. दोन सेमिस्टरमध्ये हे दिवस बसवायचे तर प्रत्येकी साधारण साडेसतरा आठवडे लागतात. विद्यापीठांची सेमिस्टर मात्र १५-१६ आठवड्यांत आटोपतात. मग कॉलेजांनी वाट काढली. १७५पैकी १५ दिवसांपर्यंत प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी वापरता येतात. उरलेले १६० दिवस म्हणजे आठवड्याला पाच दिवस धरून बरोबर ३२ आठवडे. १६ अधिक १६!

आता तासांचं गणित. तीन युनिटचा (आपल्याकडच्या भाषेत तीन क्रेडिटचा) विषय म्हणजे वर्गातले ५४ तास आणि घरच्या अभ्यासाचे १०८. कॉलेजचा ‘तास’ ५० मिनिटांचा असतो, म्हणजे वर्गात एकूण २,७०० मिनिटं. आठवड्याला दोन वर्ग धरले तर १८ आठवड्यांत प्रत्येक वर्ग ७५ मिनिटांचा होतो आणि १६ आठवड्यांत साधारण ८५ मिनिटांचा.

दहा मिनिटं म्हणजे फार काही वाटत नाही. पण एकापाठोपाठ पाच वर्ग लावून बघा, मध्ये प्रत्येकी दहा मिनिटांची सुट्टी धरून. सकाळी आठला सुरू झालेला दिवस आधी तीनच्या आसपास संपायचा, आता तो चारकडे सरकतो. साडेतीनला मुलाला शाळेतून आणायचं असेल किंवा चारची पाळी गाठायची असेल, तर याच पन्नास मिनिटांत एक विषय सोडावा लागतो. बारा युनिटच्या खाली गेलं की विद्यार्थी ‘पूर्णवेळ’ राहत नाही आणि त्याची आर्थिक मदतही कमी होऊ शकते. शिवाय दिवसभरात वर्गखोल्यांत कमी विषय बसतात, तो कॉलेजचा तोटा वेगळाच.

तरीही कॉलेजं हे का करतात? कारण मोकळा झालेला जानेवारी. डिसेंबरच्या मध्यावर पहिलं सेमिस्टर संपतं आणि फेब्रुवारीत दुसरं सुरू होण्याआधी पाच-सहा आठवड्यांचं हिवाळी सत्र घेता येतं. सांता मोनिका कॉलेजात असं सत्र चालतं. राहिलेला एखादा विषय तिथे उरकला, तर विद्यापीठात जायला सहा महिने थांबावं लागत नाही. दुसरा मुद्दा गळतीचा. या विद्यार्थ्यांच्या आयुष्यात गाडी बंद पडते, पाळी बदलते, घरात आजारपण येतं. सेमिस्टर जितकं लांब, तितकी मध्येच काहीतरी होण्याची शक्यता जास्त.

हाच तर्क टेक्सासच्या ओडेसा कॉलेजने आणखी ताणला. २०१४मध्ये त्यांनी बहुतेक विषय आठ आठवड्यांचे केले. विद्यार्थ्याने एका वेळी दोनच विषय घ्यायचे, ते संपवायचे आणि मग पुढचे दोन. अर्ध्यावर अडचण आली तरी आधीचे दोन विषय पदरात पडलेले असतात. पण आठ आठवड्यांत एक आठवडा आजारी पडलात, तर विषयाचा आठवा हिस्सा गेला. घरचा अभ्यासही एका विषयाला आठवड्याला सहा तासांवरून साडेतेरावर जातो. गणित किंवा निबंधलेखन यांसारखे विषय मुरायला वेळ लागतो, त्यांचं असं लोणचं एका रात्रीत घालता येत नाही.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना छोटं सेमिस्टर कोविडच्या काळात चांगलंच भेटलं. प्रवेश लांबले आणि पहिल्या वर्षाचं पहिलं सत्र घाईत उरकलं गेलं. यूजीसीच्या हिशेबात एका सेमिस्टरला अध्यापनाचे ९० दिवस लागतात, ते भरले की नाहीत याचा परिणाम कॉलेजच्या अनुदानावर सहसा दिसत नाही. कॅलिफोर्नियात मात्र तासांना पैसा जोडलेला आहे. ५२५ तास (१७५ दिवस, दिवसाला तीन तास) म्हणजे एक पूर्णवेळ विद्यार्थी, असं मोजून अनुदान ठरतं. म्हणून आठवडे कमी करायचे तर राज्याच्या चॅन्सेलर कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते आणि वेळापत्रकात तास पूर्ण भरतात हे दाखवावं लागतं.

आठवडे कमी करण्याची खालची मर्यादाही ठरलेली आहे. केंद्र सरकारची शिक्षण मदत हवी असेल, तर सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजांना शैक्षणिक वर्ष किमान ३० आठवड्यांचं ठेवावं लागतं, म्हणजे दोन सेमिस्टर प्रत्येकी १५ आठवड्यांची. १६वर आलेल्या कॉलेजांकडे आता कापायला एकच आठवडा शिल्लक आहे.