वसंतातील पतंगांची मोजदाद

ब्रिटनमधील अनेक घरांच्या बागांत मार्च महिन्यापासून, आठवड्यातील ठरावीक रात्री, प्रकाश-सापळे लावले जातात. अतिनील किरण देणाऱ्या दिव्याकडे आकर्षित झालेले पतंग खालच्या पेटीत उतरतात आणि तेथे ठेवलेल्या अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या खाचांमध्ये विसावतात. सकाळी जाती ओळखून त्यांची संख्या नोंदवली जाते व त्यांना दाट झुडपांत सोडले जाते. अन्यथा पक्षी ते टिपतात.

वसंतारंभी ‘हिब्रू कॅरेक्टर’ हा पतंग हमखास सापडतो. पंखावरील काळी खूण हिब्रू लिपीतील ‘नून’ या अक्षरासारखी दिसत असल्याने त्याला हे नाव मिळाले. विलोच्या तुऱ्यांवर तो पोट भरतो. कडाक्याच्या थंडीत मात्र पेटी रिकामीच राहते. तरीही शून्याची नोंद करावी लागते. ती गाळल्यास सरासरी फुगते. दिवा किंवा जागा बदलली, तर जुन्या नोंदींशी तुलनाच उरत नाही.

अशा चिकाटीचे मोल दीर्घ काळानंतर कळते. रोथॅमस्टेड संशोधन केंद्राच्या सापळ्यांतील नोंदींनुसार १९६८ ते २०१७ या काळात ब्रिटनमधील मोठ्या पतंगांची एकूण संख्या ३३ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात नमूद आहे. दक्षिण भागात ही घट ३९ टक्के, तर उत्तरेत २२ टक्के होती.