शोधप्रधान व्हिडिओ गेममधील अनपेक्षित भय

शोधप्रधान व्हिडिओ गेममधील अनपेक्षित भय : भटकणे, नकाशा उलगडणे, वस्तू हुडकणे यांत ज्या खेळांचा मुख्य रस असतो, त्यांत ध्यानीमनी नसताना उभा ठाकणारा भीतीचा प्रसंग, प्राणी किंवा नुसता आवाज. भयपटासारखा खेळ उघडणारा घाबरायच्या तयारीनेच बसतो. इथे खेळाडू बेसावध असतो, त्यामुळे थोडेसे भयही पुरते. ‘सुपर मारिओ ६४’ (१९९६) या मुलांच्या खेळात कोपऱ्यातला पियानो अचानक दात विचकून अंगावर येतो. अनेकांच्या लक्षात त्या खेळातले बाकी सारे सोडून तेवढेच राहिले आहे.

मुंबई उपनगरांतील बऱ्याच मुलांची या भयाशी ओळख सायबर कॅफेत झाली. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली इथल्या गाळ्यांत तासाचे पैसे मोजून ‘जीटीए : सॅन अँड्रियास’ खेळला जाई. प्लेस्टेशन २ वर २००४ मध्ये आणि संगणकावर २००५ मध्ये आलेला हा खेळ गुन्हेगारी टोळ्यांचा. पण मिशन बाजूला ठेवून नुसते उंडारण्याचा मोह त्यात मोठा होता. शहराबाहेर ‘बॅक ओ’ बियाँड’ नावाचे जंगल लागते. तिथे मोडक्या गाड्या चालकाविना उतारावरून घरंगळत येतात. कारण अगदीच नीरस : खेळ त्या गाड्या चढावरच उभ्या करतो आणि त्या घसरतात. त्याच जंगलात बिगफूट नावाचा केसाळ राक्षस राहतो, ही अफवा जगभर पसरली. रॉकस्टार कंपनीने ती नाकारली, तरी ‘माझ्या भावाने स्वतः बघितलाय’ म्हणणारा कुणी ना कुणी शेजारच्या खुर्चीवर असायचाच. बोरिवली आणि मुलुंड यांच्या मधोमध सुमारे १०४ चौ. किमी.चे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यातला बिबट्या अधूनमधून सोसायटीच्या सीसीटीव्हीत दिसतो. अशा वस्तीत झाडीतला न दिसणारा प्राणी फारसा अविश्वसनीय वाटला नसावा. पुढे ‘जीटीए ५’ (२०१३) मध्ये शंभर टक्के खेळ पुरा करणाऱ्याला बिगफूटचा माग काढायला मिळाला. तो निघाला सोंग घेतलेला माणूस. इतक्या वर्षांच्या अफवेची ही भरपाई जरा कंजूषच.

अफवेला खेळात आधार नव्हता. जाणूनबुजून रचलेल्या भयात सर्वाधिक काम आवाज करतो. ‘माइनक्राफ्ट’च्या गुहांमध्ये मधूनच घुमणाऱ्या आवाजांमागे कोणीही नसते, पण हातातली कुदळ थबकते. २०२२ मध्ये त्याच खेळात ‘वॉर्डन’ आला : आंधळा, कंपनांवरून माग काढणारा. अननोन वर्ल्ड्सच्या ‘सबनॉटिका’त (२०१८) परग्रहावरच्या समुद्रात तगून राहायचे असते. दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलँड यांनी अमेरिकेतील सँडी हूक शाळेतल्या गोळीबारानंतर खेळात बंदुका ठेवायच्या नाहीत असे ठरवले. निर्णय नैतिक होता. परिणाम मात्र असा झाला की गढूळ पाण्यात ‘रीपर’ या जलचराची डरकाळी आली की पळण्याखेरीज फारसे काही हाती उरत नाही. ती डरकाळी म्हणजे त्याची शोध घेण्याची पद्धत असल्याचे खेळातील नोंदच सांगते. आपल्याला ती ऐकू आली, म्हणजे त्यालाही आपला पत्ता लागला.

मराठी लोककथांतल्या चकव्याच्या सर्वांत जवळ जातो तो ‘आउटर वाइल्ड्स’ (२०१९). चकवा वाटसरूला मारत नाही, रात्रभर फिरवत ठेवतो. या खेळातील ‘डार्क ब्रॅम्बल’ हा काटेरी ग्रह आतून बाहेरच्यापेक्षा मोठा आहे. धुक्यातल्या एका दिव्याकडे जावे तर दुसऱ्याच पोकळीत पोहोचतो. फरक इतकाच की इथले काही दिवे प्रचंड माशांची आमिषे असतात. मासे आंधळे, इंजिन बंद करून तरंगत गेले की सुटका. ‘एकोज ऑफ द आय’ (२०२१) या पुरवणीत भय इतके वाढले की कर्त्यांनी ते कमी करण्याची सोय सेटिंगमध्ये दिली. काहींना ही तडजोड वाटते. प्रस्तुत लेखकाला ती सभ्यता वाटते.

‘गॉन होम’ (२०१३) याच्या उलट टोकाला. वादळी रात्र, रिकामे घर, करकरणाऱ्या फळ्या. कोणीही अंगावर येत नाही. मुंबईच्या अंडरडॉग्स स्टुडिओचा ‘मुक्ती’ हा याच घराण्यातला. प्लेस्टेशनच्या इंडिया हीरो प्रोजेक्टसाठी निवडलेल्या या खेळात भारतीय संग्रहालयाची दालने स्वतःच्या डोळ्यांनी धुंडाळायची असतात. विषय आहे मानवी तस्करी.