धोरणविद्येची दोन दारे

बारावीचा निकाल लागला की आपल्या धर्मग्रामांतील घराघरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाला अभियांत्रिकीला घालावे की वाणिज्य शाखेला? मुलीने परिचारिका व्हावे की शिक्षिका? सार्वजनिक धोरण हाही पदवीच्या अभ्यासाचा विषय असू शकतो, हे फार थोड्या घरांत बोलले जाते. रस्ता कोठून जावा, पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, कामाचे तास किती असावेत, हे ठरविण्यामागेही एक विद्या आहे. ती पदवीच्या वर्गात कशी आली आणि तिच्या दाराशी कोण कोण उभे राहिले, हा इतिहास आपण कॅथलिकांनी जाणून घेण्यासारखा आहे.

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठात राज्यकर्ते घडविणारा जुना अभ्यासक्रम ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांवर उभा होता. पहिल्या महायुद्धानंतर तो अपुरा वाटू लागला. 1920 साली तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र या तीन विषयांचा एकत्रित पदवी अभ्यासक्रम तेथे सुरू झाला. त्याच वर्षी त्या विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या देण्यास प्रारंभ केला, हेही ध्यानात ठेवावे. हॅरल्ड विल्सन, एडवर्ड हीथ, डेव्हिड कॅमेरॉन, लिझ ट्रस आणि ऋषी सुनक हे ब्रिटनचे पंतप्रधान याच अभ्यासक्रमातून पुढे आले; पाकिस्तानच्या बेनझीर भुट्टो आणि इम्रान खान हेही त्याचेच विद्यार्थी.

हे झाले पहिले दार. तेथून आत जाणारे बहुधा सुस्थितीतील घरांचे होते. परंतु धोरणाचा भार ज्यांच्या खांद्यावर पडतो, त्या श्रमिकांनी ही विद्या कोठे शिकावी?

या प्रश्नाला इंग्लंडच्या कॅथलिक समाजाने दिलेले उत्तर मोलाचे आहे. हा समाज विद्यापीठाच्या बाहेर दीर्घकाळ राहिलेला होता. पदवीसाठी असलेल्या धार्मिक अटी 1871 च्या कायद्याने दूर झाल्या, तरी आपल्या मुलांना ऑक्सफर्ड-केंब्रिजला पाठविण्यास ख्रिस्तसभेची मुभा मिळाली ती 1895 साली. तत्पूर्वी, 15 मे 1891 रोजी, पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक प्रसृत केले होते. कामगाराला कुटुंब पोसता येईल असे वेतन मिळावे, त्याला संघटना करण्याचा हक्क असावा आणि दुर्बलांच्या रक्षणासाठी शासनाने पुढे यावे, ही शिकवण त्यात होती.

ही शिकवण कागदावर राहू नये, म्हणून 1909 साली कॅथलिक सोशल गिल्ड ही संस्था स्थापन झाली. येशूसंघीय धर्मगुरू चार्ल्स प्लेटर हे तिचे प्राण होते. ठिकठिकाणी लहान लहान अभ्यासमंडळे निघाली. दिवसभर राबलेली माणसे सायंकाळी एकत्र बसून वेतन, घरे आणि कायदे यांचा अभ्यास करू लागली. फादर प्लेटर यांचे जानेवारी 1921 मध्ये माल्टा येथे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ त्याच वर्षी ऑक्सफर्डमध्ये कॅथलिक वर्कर्स कॉलेज उघडले. फादर लिओ ओहे यांनी त्याची धुरा वाहिली. येथील कामगार विद्यार्थी ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणीबरोबरच अर्थशास्त्र व राज्यशास्त्र शिकत आणि विद्यापीठाच्या पदविकेच्या परीक्षेस बसत. हे दुसरे दार. 1965 साली कॉलेजला प्लेटर यांचे नाव देण्यात आले.

योगायोग असा की 1921 सालीच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एम.एस्सी. पदवी संपादन केली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता ब्रिटिश हिंदुस्थानातील शासकीय वित्ताचे प्रांतिक विकेंद्रीकरण. ज्या समाजाला धोरण ठरविणाऱ्यांच्या पंक्तीत कधी जागा नव्हती, त्यातील एक तरुण राज्याच्या तिजोरीचा हिशेब मांडावयास शिकला. त्याचे फळ पुढे साऱ्या देशाने पाहिले.

ऑक्सफर्डचे पहिले दार आजही उघडे आहे. प्लेटर कॉलेज मात्र 2005 साली बंद झाले. याची खंत आम्हाला वाटते. सत्तेच्या वाटेवरील शिक्षणाला आश्रय सहज मिळतो. श्रमिकांच्या शिक्षणाची ज्योत मात्र समाजालाच जपावी लागते.

वसईच्या वाचकांना हे दूरचे वाटू नये. हरित वसईच्या लढ्यात आपली माणसे रस्त्यावर उतरली, याचा आपल्याला अभिमान आहे. परंतु आराखडा वाचणे, अर्थसंकल्पातील आकडा पारखणे, मुदतीत लेखी हरकत घेणे, ही कामे मोर्चा संपल्यावरही उरतात. पोप पायस अकरावे यांनी 1931 साली सांगितले की जे लहान समूहाला करता येते, ते मोठ्या सत्तेने त्याच्याकडून हिरावून घेऊ नये. हे तत्त्व रास्तच आहे. मात्र ते काम करण्याची पात्रता लहान समूहाने आधी अंगी बाणविली पाहिजे.

मे 2025 मध्ये नव्या पोप महोदयांनी लिओ चौदावे हे नाव घेतले, तेव्हा त्यांनी ‘रेरुम नोवारुम’चे स्मरण केले. आपणही करू या. उद्या घरातील एखादी मुलगी अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र शिकावयाचे म्हणाली, तर “याने पोट भरेल काय?” एवढाच प्रश्न तिला विचारू नये. गावाचे भवितव्य ज्या कागदांवर लिहिले जाते, ते वाचणारे कोणी आपल्या घरात असावे, असे आम्हास मनापासून वाटते.